मुलीला शाळेत घातले: प्रयोग ओळखा

मराठी व्याकरणात प्रयोग तीन: कर्तरी, कर्मणी आणि भावे. सोलापुरातल्या एका मराठी शाळेत वरच्या वर्गाला मी हे तीन प्रयोग इतकी वर्षं शिकवले, की फळ्यापुढं उभा राहिलो की तोंड आपोआप सुरू व्हायचं आणि मन बाजारात फिरून यायचं. पोरांना प्रयोग काही केल्या कळत नसत. मी त्यांना पालथे घडे म्हणत असे. मला स्वतःला मात्र ते चाळिशी उलटल्यावर कळले, आणि तेही चौदा वर्षांच्या एका मुलीकडून. ती मुलगी माझीच.

त्या वर्षी गावातल्या एका मोठ्या हायस्कुलानं 'शास्त्रवर्ग' काढला. गाव गिरण्यांचं. पहाटे भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. अशा गावात यंत्र जाणणारा माणूस म्हणजे देव, आणि व्याकरण जाणणारा माणूस म्हणजे मास्तर. शास्त्रवर्गात तीसच मुलं घेणार होते, परीक्षा घेऊन, निवडून. मुलींनाही मज्जाव नव्हता. त्याचं छापील पत्रक माझ्या हातात पडलं आणि मी त्या घटकेला ठरवून टाकलं की आपली मुलगी यात घालायची.

का? तर माझ्याकडे पुरावा होता. मुलगी सहा वर्षांची असताना तिनं घरातलं गजराचं घड्याळ खोलून त्याची चाकं चटईवर मांडली होती. एवढ्या भांडवलावर मी गेली आठ वर्षं भेटेल त्याला सांगत होतो की पोरीची बुद्धी शास्त्रीय आहे. ते घड्याळ पुढं बायकोनं पदरात बांधून दुरुस्तीला नेलं आणि परत आणलं, ते मी कुणाला सांगत नसे. मोडण्यात बुद्धी दिसते, जोडून आणण्यात नुसता खटाटोप असतो, असं माझं त्या वेळचं मत होतं.

खरं कारण निराळं होतं, तेही सांगून टाकतो. मुलीनं माझ्यासारखं होऊ नये. आमचं मूळ गाव सांगोल्याकडचं, घरात मेंढरं. चौघा भावांत मी मेंढरांच्या मागं झोपून जाणारा. एकदा मी झोपलो आणि लांडग्यानं कोकरू नेलं. तेव्हा बापानं कपाळाला हात लावला आणि मला शाळेत घातलं. बाकीच्या तिघा भावांना अक्कल होती, म्हणून ते घरी राहिले. शाळेतून मी जो निघालो तो मास्तर होऊनच, आणि तेव्हापासून 'रामाने रावणास मारिले' हे वाक्य फळ्यावर लिहीत आलो. रामाला एकदाच मारावं लागलं, मला दर वर्षी.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी ओसरीवर बसून पत्रक मोठ्यानं वाचलं. "विद्यार्थ्यांस सर्व प्रयोग स्वतः करावयास मिळतील" या वाक्याला मी मुद्दाम आवाज चढवला. आई जोत्यावर बसून सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला.

"परयोग?" ती म्हणाली. "पोरीला परयोगात घालतूस?"

मला आधी कळेना. मग लक्षात आलं. महिन्यापूर्वीच गावात नाटक कंपनी उतरली होती आणि टांग्यातून फिरणारा माणूस गल्लोगल्ली ओरडत होता, "आज रात्रौ प्रयोग! शेवटचा प्रयोग!" आईनं जन्मात प्रयोग हा शब्द ऐकला तो एवढाच.

"अगं आई, हे नाटकाचे प्रयोग नव्हेत. शास्त्राचे. नळीत पाणी घालायचं, तापवायचं..."

"मला नगं शिकवू. पानी तापवाय हायस्कूल लागतंय व्हय? चूल हाय की घरात. चौदा वर्साची घोडी, पोरांसंगं परयोग करणार! त्यापरीस बकऱ्या राखाय धाड, लाज तरी ऱ्हाईल."

बायको आत भांडी घासत होती ती म्हणाली, "सासूबाई, तसं काही नाही ते." पण सासूबाई तोवर उठून चपला शोधत होत्या. अशा वेळी आई नेहमी शेजारी जात असे. शेजारी एक विणकर कुटुंब राहायचं. घरात तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी. त्या घरात हातमाग चार आणि कान दहा.

दुसऱ्या दिवशी बोळातून शाळेला निघालो तर विणकराच्या बायकोनं मला दारातच थांबवलं. "मास्तर, पोरीला सीतेचं काम मिळालं काय? काठाचं लुगडं लागलं तर आमच्याकडनं न्या, बाहेरचं घेऊ नका." तिच्या बोलण्यात कुत्सितपणा अजिबात नव्हता, उलट कौतुकच होतं. मी तिला समजावायला गेलो, तशी ती म्हणाली, "बरं बरं, नसंल सांगायचं तर राहू दे." चार दिवसांत हा ध चा मा मोडनिंबपर्यंत पोचला. तिथल्या एका नातलगानं मुलीसाठी स्थळ सुचवलं होतं. त्या स्थळाकडचं कार्ड आलं: "आपली कन्या प्रयोग करते असे समजले. तरी तूर्त विचार तहकूब."

बायको कार्ड हातात घेऊन रडकुंडीला आली. आई "म्हणलं नव्हतं?" एवढंच म्हणाली. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. एक अडचण आपोआप गेली होती, आणि तीही व्याकरणाच्या एका शब्दानं. मुलगी तिथंच भिंतीला टेकून पुस्तक वाचत होती. तिनं कार्ड मागून घेतलं, वाचलं आणि विचारलं, "अण्णा, 'विचार तहकूब' म्हणजे तहकूब कुणी केला? लिहिलंच नाहीये." मी म्हणालो, "तुला काय करायचंय?" आणि विषय संपला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, पण तेव्हा मला दिवा मीच वाटत होतो.

मग आम्ही हायस्कूल बघायला गेलो. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर पालकांची रांग होती आणि प्रत्येकाचं पाल्य त्याच्या धोतराशी उभं होतं. हेडमास्तर बंद गळ्याचा कोट घालून बसले होते. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: "मुलाचा कल कशावरून दिसतो?" प्रश्न पालकाला. मुलाला कुणी काही विचारत नव्हतं, त्याच्याकडं फक्त घोडं विकत घेताना बघतात तसं बघत होते.

माझ्यापुढं एक वकील होते. ते म्हणाले, "आमचा चिरंजीव वादात कधी हरत नाही." हेडमास्तरांनी लिहून घेतलं. त्यांच्या मागं गिरणीतला एक जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, होता, खांद्यावर उपरणं, हातात टोपी. तो म्हणाला, "सायब, माझं पोरगं घरात बसून भोंगा आयकतंय आन् सांगतंय कंच्या गिरणीचा त्ये. कदी चुकलं न्हाय. कालच्याला म्हणलं, जुन्या गिरणीच्या भोंग्यात वाफ कमी हाय. आन् खरंच की, बायलर बिगडला हुता." रांगेतले लोक हसले. मीही हसलो. भोंगा ओळखणं हे काय शास्त्र झालं? माझा नंबर आला तेव्हा मी घड्याळाची गोष्ट सांगितली, चाकं चटईवर कशी ओळीनं मांडली होती ते हातवारे करून दाखवलं. हेडमास्तर म्हणाले, "उत्तम लक्षण." मी बाजूला उभ्या असलेल्या जॉबरकडं बघितलं. आपलंच घोडं दामटण्यात मला त्या दिवशी कुणी हरवलं नसतं.

नंतर त्यांनी प्रयोगशाळा दाखवली. लांबच लांब टेबलं, काचेच्या नळ्या, काचेच्या पेटीत ठेवलेला तराजू. हेडमास्तर त्या तराजूपाशी असे उभे राहिले, जसा पुजारी गाभाऱ्यापाशी. "प्रत्येक मूल इथं शोभत नाही," ते म्हणाले. "आम्ही फार कसून निवडतो." मी मान डोलावली. मुलगी भिंतीवर टांगलेल्या नमुन्याच्या वहीचं पान वाचत होती. मी मनात म्हटलं, बघा, कल तो कल.

परीक्षेत ती पास झाली. तिसांत अकरावी आली. जॉबरचा मुलगाही पास झाला. वकिलांचा चिरंजीव नापास झाला आणि वकिलांनी हेडमास्तरांशी वाद घातला, त्यावरून तो गुण घराण्याचा होता हे सिद्ध झालं.

प्रवेशाचा फॉर्म घरी आला. रविवारी सकाळी मी तो चटईवर पसरला आणि सुवाच्य अक्षरात भरला. पाल्याचा कल: यंत्रांकडे. आवड: शास्त्राची. उद्दिष्ट: गिरणीत किंवा सरकारी खात्यात यंत्रज्ञ. शेवटी एक रकाना होता: "पाल्याने स्वहस्ते एक वाक्य लिहावे." मी मुलीला हाक मारली आणि टाक तिच्या हातात दिला.

"लिही," मी म्हणालो. "माझ्या वडिलांनी मला या वर्गात घातले आहे."

तिनं टाक दौतीत बुडवला, आणि तसाच धरून ठेवला. शाईचा थेंब चटईवर पडला.

"अण्णा, ह्या वाक्याचा प्रयोग कोणता?"

"आता ही वेळ आहे का? कर्मणी."

"कर्मणी कसा? कर्म मी. मला 'ला' लागलाय. घातले हे क्रियापद माझ्याकडं बघतच नाही. मुलगा असता तरी घातलेच, पन्नास मुलं असती तरी घातलेच."

"बरं मग?"

"आणि तुमच्याकडंही बघत नाही. वडिलांनी घातले, आईनं घातले, मामांनी घातले. कुणी का घालेना, घातले ते घातलेच. रामाने रावणास मारिले. भावे प्रयोग, अण्णा. यात क्रियापद कुणाचंच ऐकत नाही."

वीस वर्षं मी फळ्यावर भाव्याचं उदाहरण म्हणून रामरावण लिहीत होतो. आणि स्वतःच्या घरातलं वाक्य मला ओळखता आलं नाही. वाईट वाटलं ते चूक झाली म्हणून नव्हे, चुका मास्तरांच्या होतात, फक्त पोरांना दिसू द्यायच्या नसतात. वाईट वाटलं ते 'बापानं मला शाळेत घातलं' हे आठवून. तेही भावेच. बापालाही कोकरू गेल्याच्या दुःखात दुसरं काही सुचलं नव्हतं, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. सबंध आयुष्य एका क्रियापदावर चाललं होतं आणि ते क्रियापद आम्हा दोघांपैकी कुणाकडंच बघत नव्हतं.

मला राग आला. आपलं चुकलं की मला आधी रागच येतो. "मोठी शहाणी! मग तूच कर्तरी करून लिही," मी ओरडलो.

"कर्तरी केलं तर ते माझं होईल," ती म्हणाली. "आणि मला अजून माहीत नाही मला जायचंय का ते."

बायको दारात येऊन उभी होती. तिचा चेहरा 'इतक्या दिवसांत विचारलंत का?' असं स्पष्ट म्हणत होता. बोलली ती आई. आईचा प्रयोगांवरचा संशय गेला नव्हता, पण माझा आवाज चढलेला तिला खपत नसे.

"आरं, का वरडतूस त्या पोरीवर? सांजच्याला मेंढरं चरून येत्यात, मग वाघरीतली कोकरं सोडत्यात. शंभर आया आन् शंभर कोकरं. कोण जुळवाय जातंय व्हय? ज्येचं त्ये हुडकतंय वास घिऊन. मदी मानूस शिरला की घोळ. तू मेंढराम्होरं झोपतच आलास, तुला काय ठावं?"

वाघर म्हणजे कोकरांसाठी लावलेलं जाळीचं कुंपण. ती जाळी मी लहानपणी कितीदा तरी उचलली होती आणि कोकरांची ती पळापळही पाहिली होती. मी फॉर्म मुलीपुढं सरकवला. मुलीनं फॉर्मवर लिहिलं: "मी आठ दिवस वर्गात बसून बघेन आणि मग सांगेन." खाली मी सही केली, कारण सहीची जागा माझी होती.

हेडमास्तरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "ही आमची परीक्षा घेणार आहे की काय?" पण अकरावा नंबर होता, आणि मुलींसही प्रवेश असं पत्रकात छापलं होतं, मुलगी मात्र एकच आली होती. म्हणून ते हसले आणि म्हणाले, "बसू दे."

आठ दिवस मी हवेत होतो. शाळेत सहशिक्षकांना सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, मोडनिंबला कार्ड टाकून प्रयोगाचा अर्थ समजावला. मुलगी रोज जायची, यायची, जेवायची. विचारलं तर "बघतेय" म्हणायची. एके दिवशी आईनं तिच्या हातांचा वास घेतला आणि सुस्कारा टाकला. "गंधकाचा वास येतोय. रंगाचा न्हाय," ती म्हणाली. रंग म्हणजे नाटकातला तोंडाला लावायचा रंग. तिचा निम्मा जीव त्या दिवशी भांड्यात पडला.

नवव्या दिवशी दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. मुलगी म्हणाली, "अण्णा, मी सांगते म्हणाले होते, ते सांगू?"

माझा घास हातात राहिला.

"वर्ग चांगला आहे. भोंगा ओळखणारा तो मुलगा तर कमाल आहे. नळीवर नुसतं नख मारतो आणि आत किती पाणी आहे ते सांगतो. पण प्रयोग झाला की तो वहीत लिहायचा असतो. मी लिहिलं, 'मी नळी घेतली. मी ती तापवली.' गुरुजींनी सगळे 'मी' लाल शाईनं खोडले. लिहायचं: 'नळी घेतली. ज्योतीवर धरली. पाणी ओतले. रंग बदलला.' मी विचारलं, कुणी घेतली? कुणी धरली? ते म्हणाले, शास्त्रात 'मी' नसतो."

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हणालो, कारण मास्तरांनी मास्तरांची बाजू घ्यायची असते.

"असेल. पण बघा ना अण्णा, घेतली, धरली, ओतले, सगळं कर्मणी, आणि कर्ता गाळलेला. शेवटी 'रंग बदलला' तेवढं कर्तरी. सबंध पानात काही करतो तो एकटा रंगच."

बायको खुदकन हसली. मलाही हसू येत होतं.

"मला नळीपेक्षा ते पानच जास्त आवडायचं," मुलगी म्हणाली. "मी त्या वर्गात जात नाही, अण्णा. मला प्रयोगच आवडतात, पण दुसरे."

आईच्या हातातली भाकरी ताटात पडली. "बघा! म्हणलं नव्हतं म्या? लागला न्हवं नाद? आता पोरगी कंपनीत जाणार!"

"आजी, अण्णांचे प्रयोग गं. फळ्यावरचे."

"त्यो बी करतोय?" आईनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी तोंडाला रंग लावूनच जेवायला बसलो होतो.

ते निस्तरेपर्यंत वरण निवलं. मग मी मुलीला विचारलं, आणि मला वाटतं तिला मी जन्मात विचारलेला हा पहिला प्रश्न होता. "मग करणार काय तू?"

"मी शिकते. मग मी शिकवते." तिनं भाताचा घास घेतला. "तुमच्यासारखं."

मी हात धुवायला मागच्या दारी गेलो आणि तोंडही धुतलं. जे होऊ नये म्हणून मी घड्याळाची चाकं आठ वर्षं गावभर फिरवली, ते ती दोन वाक्यांत मागत होती, आणि दोन्ही कर्तरी. मला लाज वाटत होती ती माझ्याच धंद्याची, आणि पोर तो हौसेनं निवडत होती. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, आनंदच झाला होता, पण तो मान्य करायला अवघड गेला.

परत येऊन मी एक शंका विचारली. "मग ते घड्याळ का खोललं होतंस?"

"टिकटिक करायचं," ती म्हणाली. "मला वाचू देत नव्हतं."

बायकोला हे ठाऊक होतं. आठ वर्षं ठाऊक होतं. तिनं का सांगितलं नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

जॉबरचा मुलगा पुढं त्या वर्गात पहिला आला. रांगेतल्या पालकांत खरं लक्षण सांगितलं होतं ते त्याच्या बापानं एकट्यानं, आणि आम्ही सगळे हसलो होतो. मला तो जॉबर रस्त्यात भेटला की मी आधी नमस्कार करतो. का ते त्याला अजून कळलेलं नाही.

त्या दुपारी हेडमास्तरांना चिठ्ठी लिहायला बसलो. सवयीनं आधी लिहिलं, "मी मुलीला आपल्या वर्गातून काढिले आहे." बघितलं, तर भावे. कागद फाडला. दुसरा घेतला आणि लिहिलं, "माझी मुलगी आपल्या वर्गात येत नाही." मुलगी कर्ता, आणि क्रियापद तिच्या तोंडाकडं बघत सरळ उभं. वाक्य शुद्ध होतं, त्यात काही चुकलेलं नव्हतं. मी त्यात होतो तो 'माझी' पुरता.